महिनाभर टिकणारा पडदा

रुस्मिनीला त्या सोमवारी खरं तर घरी पडून राहायचं होतं. आदल्या रविवारी ती कामावर आली होती, त्याच्या आधीच्या रविवारीही आली होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून गुडघा चोळावा लागत होता. पण बाटल्यांत वाढणाऱ्या पेशींना वार कळत नाही. दर दोन दिवसांनी त्यांचं जुनं पोषकद्रव काढून ताजं घालावं लागतं, नाहीतर त्या उपाशी मरतात. आणि या खेपेच्या पेशी उंदराच्या किंवा सशाच्या नव्हत्या. त्या मार्यातुन नावाच्या एका बाईच्या होत्या.

मार्यातुन सुराबाया शहरातल्या एका शाळेच्या फाटकाशी तळलेला ताहू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकायची. एके दिवशी गॅसच्या नळकांड्याची रबरी नळी निसटली आणि भडका उडाला. पाठ, डावा दंड आणि मानेची मागची बाजू भाजून निघाली. पाठीवर तिच्याच उजव्या मांडीची कातडी लावून झाली होती. दंड आणि मान उरली होती. भाजलेल्यांच्या वॉर्डाचे डॉक्टर यानुआर यांनी तिच्या काखेजवळची टपालाच्या तिकिटाएवढी कातडी काढून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दिली होती. ती न्यायला बर्फाची पेटी घेऊन रुस्मिनी स्वतः गेली होती.

"बू, नेताय ते परत आणणार ना?" मार्यातुननं पालथ्या पालथ्याच विचारलं होतं. मोठ्या बाईला सगळे 'बू' म्हणत.

"आणीन. शंभरपट करून आणीन," रुस्मिनी म्हणाली होती.

आता त्या पेशी खरोखर शंभरपट झाल्या होत्या. बाटल्यांच्या तळाशी एकमेकींना खेटून, नीट पसरलेल्या. रुस्मिनी रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बघायची आणि वहीत एक ओळ लिहायची. सव्वीस वर्षं ती या प्रयोगशाळेत होती. आधीचे प्राध्यापक गेले, त्यांची विद्यार्थिनी डॉक्टर नास्तिती आता प्रमुख झाली, विद्यार्थी आले नि गेले. रुस्मिनी मात्र त्याच हिरव्या स्टुलावर. दीड वर्षाने ती निवृत्त होणार होती.

पेशी वाढवणं हे अर्धंच काम. वाढलेल्या पेशी जखमेवर नेऊन लावायच्या तर त्यांना बसायला काहीतरी लागतं. त्यासाठी नास्तितीनं एका पॉलिमरचा पातळ पडदा तयार केला होता. तसं बघितलं तर ते एक जातीचं प्लास्टिकच, फक्त शरीरात हळूहळू विरून जाणारं. पण माणसाच्या पेशीला प्लास्टिक मानवत नाही. ती त्याच्यावर पाय टेकत नाही. गोळा होऊन तरंगत राहते आणि दोन दिवसांत मरते. म्हणून आधी पडद्याचा वरचा थर बदलावा लागतो. पडदा एका बंद पेटीत ठेवायचा, आतली हवा खेचून घ्यायची, थोडा ऑक्सिजन सोडायचा आणि वीज द्यायची. पेटी जांभळ्या उजेडानं भरते. दोन मिनिटं त्या उजेडात राहिलेला पडदा दिसायला तसाच दिसतो, पण त्याच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब पसरतो. आणि जिथे पाणी पसरतं तिथे पेशी पाय रोवते.

तो जांभळा उजेड गेली कित्येक वर्षं रुस्मिनीच पाडत होती. माणसावर वापरायचे पडदे मात्र प्रयोगशाळेत करून चालणार नव्हते. ते सिडोआर्जोच्या एका छोट्या कारखान्यात, नास्तितीनं लिहून दिलेल्या कागदाबरहुकूम केले होते. उजेडातून काढून, पाकिटात बंद करून, निर्जंतुक करून, तपासण्या होऊन ते हातात यायला चार आठवडे गेले. त्याची काळजी नव्हती. उजेडाचा परिणाम महिनाभर टिकतो, असं नास्तितीच्या प्रबंधातच होतं.

सोमवारी दहाच्या सुमाराला प्रयोगशाळेची गाडी चालवणारा आणि बाटल्याही धुणारा चाक जुमादी खोकं घेऊन वर आला. सगळे त्याला 'चाक' म्हणत, दादा म्हणावं तसं.

"घ्या बू रुस, तुमचं वऱ्हाड आलं," त्यानं खोकं टेबलावर ठेवलं. "चाळीस पाकिटं. सगळ्या रस्त्यानं गार हवा लावून आणलीत. माझ्या सासूला मी इतक्या लाडानं कधी आणलं नाही."

"सासू ऐकेल."

"ऐकत असती तर काय हवं होतं!" जुमादी खुर्चीत बसला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "तोंड का असं उतरलंय? शुक्रवारी पेशी घालायच्या, मंगळवारी ऑपरेशन, मग डीन येणार, फोटो निघणार. तुम्ही पहिल्या रांगेत. केसांना रंग लावा थोडा."

"आधी झोप काढते. मग रंग."

जुमादी गेल्यावर तिनं पाकिटं मोजली. छत्तीस रुग्णासाठी, चार जादा, तपासणीच्या नावाखाली नुसती ठेवून द्यायची. तिनं एक जादा पाकीट कापलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात सवयीनं गेले. पडदा चिमट्यानं उचलून काचेवर ठेवला आणि त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला.

थेंब पसरला नाही. अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला.

तिनं चष्मा काढून पुसला. दुसरा थेंब टाकला. तोही गोल. दुसरं पाकीट कापलं, तेही तसंच.

रुस्मिनीनं हात धुतले आणि मार्यातुनच्या पेशींची एक छोटी, जादाची बाटली काढली. त्यातल्या थोड्या पेशी तिनं त्या दोन पडद्यांवर सोडल्या. तिसरं जादा पाकीट फोडून त्यातल्या पडद्याला आपल्या यंत्रात दोन मिनिटं जांभळा उजेड दिला आणि त्याच्यावरही सोडल्या. तिन्ही बश्या उबेच्या पेटीत ठेवून ती घरी गेली. नवऱ्यानं मांसाचा काळा रस्सा, रावोन, केला होता, तिनं दोन घास खाल्ले आणि पाठ टेकली. झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या पडद्यावर पेशी अंगण भरून बसल्या होत्या. पहिल्या दोन बश्यांमध्ये त्या गोळे होऊन पाण्यात तरंगत होत्या. बशी जरा हलवली की हलायच्या. मोजकीच कुठे एखादी टेकलेली.

तेव्हा तिला सगळं समजलं. किंवा खरं सांगायचं तर आठ वर्षांपूर्वीच समजलं होतं, फक्त तिनं ते समजून घेतलं नव्हतं.

नास्तिती तेव्हा विद्यार्थिनी होती. नवरा दूर मकास्सरला, घरी दहा महिन्यांचं बाळ. उजेड दिलेला पडदा किती दिवस टिकतो हे तिला दाखवायचं होतं. थेंब किती पसरतो ते मोजायचं यंत्र त्या वर्षी बिघडलेलं, म्हणून सगळी भिस्त पेशींवर. महिनाभर ठेवलेल्या पडद्यांवर पेशी चिकटतात का, एवढाच प्रश्न. पहिल्या खेपेला बुरशी लागली. दुसऱ्या खेपेला वीज गेली. तिसऱ्या खेपेला बाळाला फणफणून ताप आला. नास्तिती याच खोलीत भिंतीला टेकून ढसाढसा रडली. "बू, खणातले पडदे काढून तेवढ्या पेशी घालाल? मला जायलाच हवं."

रुस्मिनीनं खणातले पडदे काढले. सवयीनं थेंब टाकला. गोल. तिला वाटलं, खण कळकट आहे, धूळ बसली असेल, पोरीच्या नशिबात पुन्हा तेच. तिनं त्याच पडद्यांना पुन्हा दोन मिनिटं जांभळा उजेड दिला आणि पेशी घातल्या. मनात म्हणाली, धूळच तर झटकली. तीन दिवसांनी नास्तिती परत आली तेव्हा दहातल्या नऊ पेशी चिकटलेल्या होत्या. पोरगी तिच्या गळ्यात पडली. रुस्मिनी काही बोलली नाही. प्रबंध झाला, त्याच्यावरून लेख झाला, लेखाच्या जोरावर माणसावर वापरायची परवानगी मिळाली. त्यानंतर प्रयोगशाळेत कुणी जुने पडदे वापरलेच नाहीत. रुस्मिनी रोज पहाटे ताजा उजेड देऊन ठेवायची, सगळे ते वापरायचे. कागदावर फक्त 'उजेड दिलेले पडदे' एवढंच लिहिलेलं.

मंगळवारी ती गप्प राहिली. नास्तिती दिवसभर डीनच्या कचेरीत होती हे खरं, पण संध्याकाळी ती पाच मिनिटं डोकावून गेली तेव्हाही रुस्मिनी गप्पच राहिली. "सगळं ठीक ना बू?" "ठीक." तोंडातून तेच आलं. वरच्या माणसाला नाही म्हणायची सवय तिच्या जिभेला कधी लागलीच नव्हती. आणि ती इतकी थकली होती की एक रात्र आणखी ढकलली तर बरं, असं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी नास्तिती फायली छातीशी धरून आली.

"बू रुस, पाकिटं मोजली?"

"मोजली. न्दुक, जरा बस."

विद्यार्थिनी असताना रुस्मिनी तिला न्दुक, म्हणजे पोरी, म्हणायची. प्रमुख झाल्यापासून चारचौघांत म्हणत नसे. नास्तिती हसली. "बसायला वेळ कुठंय? साडेनऊला डॉक्टर यानुआर—"

"बस."

असा आवाज तिनं रुस्मिनीचा कधी ऐकला नव्हता. ती बसली. रुस्मिनीनं तिच्यासमोर काचेवर पडदा ठेवला, थेंब टाकला, मग सूक्ष्मदर्शकाखाली बश्या सरकवल्या. नास्तितीनं एक डोळा मिटून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"पाकीट फाटकं असेल."

"तीन फोडली. तिन्ही धड होती."

"मग वाटेत उन्हात तापली."

"जुमादीनं गार गाडीतून आणली."

"मग कारखान्यानं उजेड कमी दिला. त्यांना मी सांगत होते—"

"कारखान्यानं आपल्या कागदात होतं तसंच केलंय. त्यांनी पहिल्या दिवशी मोजलेले आकडे फायलीत आहेत. चांगले आहेत."

"मग चुकलं काय?"

"महिना चुकला," रुस्मिनी म्हणाली. "परिणाम महिनाभर टिकत नाही. एक-दोन दिवसांतच उतरायला लागतो. वरचा थर झोपेत कूस बदलल्यासारखा फिरतो आणि चांगली बाजू आत जाते. चार आठवड्यांनी साधं प्लास्टिक."

"पण मी स्वतः महिन्याचे पडदे वापरून दाखवलंय."

रुस्मिनीनं सांगितलं. पहिल्यापासून, बाळाच्या तापापासून. मान खाली घालून, मधे न थांबता.

नास्तितीच्या मांडीवरची फाईल घसरून खाली पडली. तिनं उचलली नाही.

"मी सांगितलं होतं का तुम्हाला, पुन्हा उजेड द्या म्हणून?"

"नाही."

"मग का दिलात?"

"तू रडत होतीस."

"मी रडत होते म्हणून तुम्ही माझं उत्तर बदललंत?" नास्तितीचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "बू, नाही चिकटल्या असत्या तर मी ते लिहिलं असतं. नाही टिकत, असं लिहिलं असतं. फार तर एक वर्ष जास्त लागलं असतं. एक वर्ष! आता आठ गेली."

"हो."

"हो काय? माझ्यावर दया करा असं मी म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलंस."

बाहेर वऱ्हांड्यात कुणीतरी बादली फरपटत नेली.

"आणखी कुणाला माहीत आहे?" नास्तितीनं विचारलं.

"तुला आणि मला."

नास्तिती खिडकीबाहेर बघत राहिली. रुस्मिनीला तिच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं, कारण मंगळवारी रात्रभर तेच तिच्याही डोक्यात फिरलं होतं.

"शुक्रवारी पाकिटं फोडून आपल्या यंत्रात पुन्हा उजेड दिला तर?"

"पाकीट फोडलं की निर्जंतुकपणा गेला. आपलं यंत्र बघतेस ना कुठे आहे ते. शेजारी जुमादी चप्पल घालून बाटल्या धुतो."

"माहीत आहे मला. बोलून बघितलं फक्त." तिनं फोन काढला आणि पुन्हा पर्समध्ये टाकला. पुन्हा काढला. "डॉक्टर यानुआरना मी सांगते. तुम्ही इथेच थांबा. ऐका तरी."

फोनवर नास्तिती तीन-चार वाक्यं बोलली. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. "हो," ती मधूनमधून म्हणत होती, "हो, डॉक्टर. नाही, डॉक्टर, थांबवायलाच हवं." फोन ठेवल्यावर तिनं खाली पडलेली फाईल उचलली, कागद नीट लावले आणि रुस्मिनीकडे न बघता निघून गेली.

मार्यातुनला सांगायला गुरुवारी डॉक्टर यानुआर गेले. रुस्मिनी आपणहून त्यांच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून सगळं व्यवस्थित सांगितलं: तयारीत त्रुटी आढळली, धोका पत्करता येणार नाही, आता नेहमीच्या पद्धतीनं करू. मार्यातुन मान वळवू शकत नव्हती, म्हणून डोळे तेवढे वळवून ऐकत होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर तिनं रुस्मिनीला हाक मारली.

"बू, सरळ सांगा. ते चिकटत नाही, असंच ना?"

"नाही चिकटत."

"म्हणजे मानेवर लावलं असतं आणि गळून पडलं असतं?"

"हो."

"मग बरं झालं की आधीच कळलं. आणि माझ्या त्या शंभरपट? मेल्या?"

"जिवंत आहेत. आज सकाळीच बघितल्या. आता गोठवून ठेवणार, खूप थंडीत. वर्षानुवर्षं राहतात."

"बघा हां. मी सुराबायाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही आणि माझी कातडी बर्फात राहणार." ती हसली आणि हसता हसता पाठ ताणली गेली म्हणून कळवळली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आता डावी मांडी."

"हो."

"पहिल्या मांडीची आग भाजल्यापेक्षा जास्त होती, बू. डॉक्टरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटतं."

रुस्मिनीला तिथून उठून जावंसं वाटलं. ती खाटेच्या कडेवर बसली. "मार्यातुन, चूक माझी आहे. खूप जुनी. तेव्हा मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. म्हणून तुझी दुसरी मांडी."

नर्स येऊन सलाईनची बाटली बदलून गेली.

"तुमच्यावर रागवायला पाहिजे मी," मार्यातुन म्हणाली. "पण आत्ता अंगात जोर नाही. बरी झाले की बघते. पाणी द्या जरा, नळीनं."

रुस्मिनीनं पेला तिच्या तोंडाशी धरला.

डाव्या मांडीची कातडी मानेवर आणि दंडावर बसली. चांगली बसली, डॉक्टर यानुआर म्हणाले. तीन आठवड्यांनी मार्यातुन घरी गेली. मान उजवीकडे पूर्ण वळायची, डावीकडे अर्धी. पुढे ती पुन्हा शाळेच्या फाटकाशी उभी राहायला लागली, पण कढईजवळ भाऊ उभा राहायचा. ती नुसती कागदात बांधून द्यायची. रुस्मिनी एकदा तिकडून गेली तेव्हा मार्यातुननं तिला ओळखलं, पाच ताहू जास्त तिखटात घोळून दिले आणि म्हणाली, "खा, आणि डोळ्यांतून पाणी काढा. तेवढाच माझा राग."

नास्तितीनं मात्र दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. त्या दोन महिन्यांत तिनं मासिकाला पत्र लिहिलं की लेखातला तो निष्कर्ष मागे घेत आहे. विद्यापीठाच्या समितीपुढे जाऊन आली. रुस्मिनीनंही समितीला सगळं लिहून दिलं, सही केली. तिला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षाची वेतनवाढ गेली. नास्तितीचं प्रमुखपद राहिलं, पण पुढच्या वर्षीची बढती गेली. डीन आले नाहीत, फोटो निघाले नाहीत. वऱ्हांड्यातून जाताना लोक आवाज बारीक करायचे. जुमादी एकटाच तसा नव्हता.

"सगळीकडे दोन बायकांची तोंडं फुगलेली," तो बाटल्या धुता धुता म्हणाला. "मी माझ्या घरातून कशाला बाहेर पडतो मग?"

"चाक, बाटल्या धुवा."

"धुतोय. पण एक सांगू? आठ वर्षं गिळून बसलात आणि एका सकाळी ओकलात. आता हलकं वाटतं का?"

रुस्मिनीनं विचार केला. "नाही," ती म्हणाली. "नुसतं दमल्यासारखं वाटतं."

एके दिवशी सकाळी ती आली तर नास्तिती तिच्या आधीच येऊन जांभळ्या उजेडाच्या यंत्रापुढे बसली होती. केस विस्कटलेले, टेबलावर मासळीचा वास येणारी एक बाटली.

"माशाच्या कातडीचं जिलेटिन," ती म्हणाली, जणू मधले दोन महिने झालेच नाहीत. "विचार असा, की उजेड दिल्यावर वरचा थर फिरायच्या आत, त्याच तासात, हे त्याला बांधून टाकायचं. नुसतं लावायचं नाही, रासायनिक गाठ मारायची. मग फिरायचं म्हटलं तरी फिरता येणार नाही. दुसरीकडे लोकांनी केलंय तसं. आपल्या पडद्यावर करून बघायचं."

"किती वेळात बांधायचं?"

"तेच तुम्हाला विचारायचंय. उजेडानंतर किती वेळ थेंब पसरलेला राहतो? कागदात काहीच नाही. तुमच्या हातात असेल."

"दुपारपर्यंत चांगला," रुस्मिनी म्हणाली. "दमट दिवस असेल तर थोडा जास्त. बंद डबीत अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळला तर दुसऱ्या दिवशीही बरा."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

नास्तितीनं डोळे मिटून घेतले आणि उघडले. "बू, मी अजून रागावलेली आहे."

"असणारच."

"हे नुसतं सांगून ठेवते."

जिलेटिनला नीट बांधायला पाच महिने लागले. वास एवढा, की जुमादी नाकाला रुमाल लावून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "कोळणी, आज काय ताजं?" पहिल्या खेपांमध्ये गाठ बसायची आणि पेशी मरायच्या, कारण गाठ मारणारं रसायन धुवून जात नव्हतं. मग धुणं वाढवलं. मग पडदे सुरकुतले. मग उष्णता कमी केली. प्रत्येक खेपेचे पडदे खणात ठेवायचे, आठवड्यानं काही, दोन आठवड्यांनी काही, महिन्यानं काही काढून पेशी घालायच्या. कुणी घातल्या, किती वाजता घातल्या, आधी काय केलं, सगळं दोघींच्या सहीनं वहीत. रुस्मिनीचा थेंबाचा हात एकदाही आपणहून गेला नाही. थेंब टाकायचा दिवस वहीत ठरलेला असायचा.

महिन्याच्या पडद्यांवर दहातल्या सहा पेशी चिकटल्या. दुसऱ्या खेपेला सात. नास्तितीनं सात आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

"नऊ असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"सात आहेत," रुस्मिनी म्हणाली.

"हो. सात आहेत." तिनं पाठ ताणली. "मान्यता परत मागायला वर्ष जाईल. प्राण्यांवर पुन्हा सगळं. बू, तुम्ही दोन वर्षं वाढवून घ्याल का? मी अर्ज करते तुमच्यासाठी."

रुस्मिनीनं नाही म्हणायला थोडा वेळ घेतला. पण या खेपेला म्हटलं. "नाही, न्दुक. मी वेळेवर जाणार. गुडघे संपलेत माझे. सकाळी उठते तेव्हाच संध्याकाळ झाल्यासारखी असते."

नास्तितीनं आग्रह केला नाही. निवृत्तीच्या आधीच्या तीन आठवड्यांत मात्र ती रोज दुपारी वही घेऊन रुस्मिनीच्या शेजारी बसायला लागली. रुस्मिनी काम करायची आणि नास्तिती विचारायची. बाटली डाव्या हातानं का हलवता? पोषकद्रव घालताना नळी भिंतीला का टेकवता? यंत्र सुरू केल्यावर पहिला पडदा नेहमी फेकून का देता?

"पहिला चांगला होत नाही. पेटी थंड असते."

"किती वेळ तापू द्यायची?"

"मोजलं नाही कधी. यंत्राचं गुणगुणणं थांबेपर्यंत."

"उद्या मोजू." नास्तितीनं लिहून घेतलं. "आणि झाकण लावताना श्वास का रोखता?"

रुस्मिनी थांबली. झाकण हातात तसंच. तिनं खरंच श्वास रोखला होता. "कोण जाणे," ती म्हणाली. "माहीत नाही मला."

"मग तसंच लिहिते," नास्तिती म्हणाली आणि लिहायला लागली.